खुर्ची जागची हलली नाही

गेल्या वर्षी एका नातेवाइकाने खुर्ची फेकून धाकट्या नर्सचं डोकं फोडलं, तेव्हा मोठ्या सिस्टर हट्टालाच पेटल्या. त्यांनी अपघात विभागातल्या सगळ्या खुर्च्या बोल्टने जमिनीला आवळून घेतल्या. "खुर्च्या काय पळून जाणार आहेत?" म्हणत मोठे डॉक्टर खो खो हसले होते.

आज वडिलांना तपासायला उशीर झाला म्हणून एका पेशंटच्या मुलाचं डोकं फिरलं. त्याने खुर्चीला हात घातला, ओढून ओढून घामाघूम झाला, पण खुर्ची ढिम्म हलेना. समोर तीच धाकटी नर्स उभी होती.

"दादा, ती बसायला आहे. बसा, तुमच्या वडिलांचं सांगते."

तो मुकाट्याने बसला.

दारात उभ्या मोठ्या डॉक्टरांकडे वळून मोठ्या सिस्टर ताठ मानेने म्हणाल्या, "बघितलंत? खुर्ची पळाली नाही, आणि माझी पोरगीही नाही!"