माझ्या पोटातला पूर्ण फोटो

मित्रांनो, काच तडकलेला, कोपऱ्याला चिकटपट्टी लावलेला हा टॅब्लेट पाहून नाक मुरडू नका. बेंगळुरूच्या इलेक्ट्रॉनिक सिटीत दर रविवारी मराठी वर्ग भरतो, त्या वर्गाचा मी.

नवा होतो तेव्हा माझा काय थाट होता! मुलं माझ्यावर बोटांनी अक्षरं गिरवत, सहलीला नेऊन फोटो काढत. चिवड्याची तेलकट बोटं लागायची, पण त्याची मला कधी घाण वाटली नाही. किळस यायला लागली ती माझ्यावर पालकांचा ग्रुप उघडल्यापासून. शी! काय काय गिळायला लावलं मला! कसला तरी काढा प्या आणि सगळ्या गोळ्या फेकून द्या, हा निरोप पुढे पाठवा नाहीतर फोन बंद पडेल, एक ना दोन. बेंगळुरूत मराठी अक्षर सहसा दिसत नाही, म्हणून मराठीत काही आलं की आमची माणसं लगेच विरघळतात. "मराठीत आहे ना, म्हणजे आपल्यातल्याच कुणीतरी पाठवलंय," म्हणतात आणि पुढे ढकलतात. तेच कन्नडात आलं असतं तर दहा शंका काढल्या असत्या.

एका रविवारी वर्ग चालू असताना ग्रुपवर एक फोटो आला. एक माणूस रडणाऱ्या मुलीला उचलून नेतोय, तिचं तोंड त्याच्या खांद्यात लपलंय. खाली शुद्ध मराठीत लिहिलेलं, 'मुलं पळवणारी टोळी बोम्मसंद्रात. सावध राहा.' तो माणूस मल्लाप्पा होता, आनेकलहून मुलांना व्हॅनने आणणारा. विसरलेल्या पाण्याच्या बाटलीसाठी व्हॅन मागे वळवणारा हा माणूस! इतकी वर्षं त्याच्या हवाली मुलं केली आणि एका फोटोपुढे सगळं पुसलं गेलं. पालक खाली फाटकाशी जमले. त्यांतल्या मकरंदकाकांचा आवाज वर वर्गापर्यंत आला, "येऊ दे त्याला, बघतोच!"

वर्गात शिकवणाऱ्या केतकीताईंचा चेहरा उतरला. मुलांना सोडून त्यांना हलता येईना. त्यांनी पालकांना फोन लावले, कुणी उचलेना. फोटो कुठेतरी पाहिल्यासारखा वाटत होता, पण कुठला ते त्यांना आठवेना. मग त्यांनी मला मुलांपुढे ठेवलं.

"खरं की खोटं, ते लिहिलेलं वाचून ठरवू नका. हा फोटो कुठला, कधीचा, आणि त्यातलं काय कापलंय, ते शोधा."

आश्लेषा फोटो मोठा करून बघत होती. "ताई, ही चप्पल रक्षिताची आहे!"

रक्षिता पुढे आली आणि किंचाळली, "अय्यो, ही मीच! सहलीत मधमाशी चावली तेव्हा मल्लाप्पाअण्णांनी मला उचललं होतं!"

मुलांनी माझ्यातले सहलीचे फोटो उघडले. तिथे तो पूर्ण होता. मल्लाप्पाच्या शेजारी मलमाची डबी घेऊन खुद्द केतकीताई धावताना दिसत होत्या. मीच काढलेला, याच ग्रुपवर कौतुकाने पाठवलेला फोटो कुणीतरी कापून, विष कालवून फिरवला होता. मला ओकारीच आली.

रक्षिता मला छातीशी धरून खाली धावली, मागून सगळे. तोवर व्हॅन आली होती आणि मल्लाप्पाची कॉलर मकरंदकाकांच्या मुठीत होती. त्याच्या ओठातून रक्त येत होतं. रक्षिताने मला काकांच्या तोंडासमोर धरलं. "काका, हा बघा! हा पूर्ण बघा!"

मूठ सुटली. "आम्हाला काय माहीत, मराठीत आलं होतं," काका पुटपुटले. मल्लाप्पाने शर्ट सारखा केला. "सरी, बिडी," म्हणजे 'ठीक आहे, जाऊ द्या', एवढंच कन्नडात म्हणाला, मुलांना घरी पोचवलं आणि पुन्हा कधी आला नाही.

रक्षिताने ग्रुपवर पूर्ण फोटो टाकला. त्यावर दोघांनी हात जोडल्याची चित्रं पाठवली, मग शुभ सकाळची फुलं सुरू झाली. 'चुकलो' असं एकानेही लिहिलं नाही. थू!

मित्रांनो, आता वर्गाला दुसरी व्हॅन येते. रक्षिता अजून आधी ड्रायव्हरच्या काचेतून डोकावते, मग मागे जाऊन बसते. आणि तो कापलेला फोटो आज सकाळी होसूरकडच्या एका ग्रुपवरून पुन्हा माझ्याकडे आला. पूर्ण फोटो माझ्या पोटात आहे, पण मला हाक मारता येत नाही. पुढे पाठवायला बोट उचलाल, तेव्हा आधी पूर्ण फोटो शोधून, उघडून बघा.