प्लसला टांगलेली देवी

उल्हासनगरच्या कॅम्प पाचमध्ये खोट्या दागिन्यांवर मुलामा चढवणारा एक गाळा आहे. कुमुदिनी तिथं अकरा वर्षं कामाला होती. वांगणीपलीकडच्या गावातून ती रोज यायची. तिच्या हातचं काम कधी परत आलं नाही, असं सेठही म्हणायचे. म्हणूनच गावदेवीची जत्रा चार दिवसांवर आली, तेव्हा देवीच्या मुखवट्याला उजाळा द्यायचं काम तिनं स्वतःहून मागून घेतलं.

मुखवटा चांदीच्या पत्र्याचा, हातानं ठोकलेला. किती जुना, ते कुणालाच माहीत नव्हतं. पुजारी बुधाजी म्हणजे कुमुदिनीचे चुलत सासरे. मोतीबिंदूमुळे त्यांना धूसर दिसायचं, पण रोज सकाळी देवीला आंघोळ घालून ते अंगठ्यानं तिचं तोंड पुसत. त्यांच्या आधी त्यांच्या वडलांनी पुसलं, त्याआधी आज्यानं. त्या पुसण्यानं नाक आणि गाल कागदाइतके पातळ झाले होते. चांदीचा एक थर चढवला की अजून दोन पिढ्या टिकेल, असं कुमुदिनीनं सांगितलं आणि बुधाजींनी मुखवटा लाल कापडात बांधून तिच्या हाती दिला.

काम रोजचंच होतं. टाकीतल्या पाण्यात चांदीचा क्षार विरघळलेला असतो, त्यामुळे त्या पाण्यातून वीज वाहते. प्लसच्या तारेला चांदीची पाटी लावायची, मायनसला वस्तू टांगायची. पाटीची चांदी झिजून पाण्यात उतरते आणि पाण्यातली चांदी वस्तूवर जाऊन बसते.

टाकीला वीज देणारं यंत्र आदल्या दिवशी बिघडलं होतं. मिलिंदनं, म्हणजे गाळ्यातल्या मेकॅनिकनं, ते सकाळी दुरुस्त केलं आणि घाईत बाहेरच्या दोन तारा अदलाबदल करून जोडल्या. कुमुदिनीनं नेहमीसारखा, एरवी मायनस असणाऱ्या काळ्या तारेला मुखवटा टांगला, हात जोडले आणि बटण दाबलं. यंत्रावरचा काटा रोजच्यासारखाच हलला. पाणी वीज घेत होतं. कुठल्या बाजूनं घेतंय, ते काटा सांगत नाही.

पहिल्या पाच मिनिटांत वस्तू वर काढून बघायची, हा तिचा नियम. त्या दिवशी तिनं तो पाळला नाही. शेजारच्या टाकीवर लग्नाच्या सेटांची घाई होती, आणि पातळ पत्र्याला सावकाश चढू दे, म्हणून ती तिकडे गेली. परत आली तेव्हा दोन तास झाले होते.

तिनं मुखवटा टांगलेला आकडा वर उचलला. देवीच्या नाकाच्या जागी भोक होतं. भुवया पुसल्या गेल्या होत्या. डाव्या गालातून टाकीचं पाणी गळत होतं.

आधी तिला वाटलं, तुकडा निखळून खाली पडला असेल. जाळी घालून तिनं तळ चाळला. काही नव्हतं. मग तिची नजर पाटीवर गेली. झिजायला हवी होती ती पाटी फुगली होती, तिच्यावर पांढरी खरखरीत चांदी जमली होती. कुमुदिनीनं तारांवरून बोट फिरवत यंत्र गाठलं. तिनं देवीला प्लसला टांगलं होतं. जो भाग पुढे आलेला, तो वीज आधी खाते, हे तिला ठाऊक होतं.

मिलिंद पांढरा पडला. चूक माझी, मी येतो गावात सांगायला, असं तो पुन्हा पुन्हा म्हणू लागला. तिनं ऐकलं नाही. तारा फिरवून तिनं मुखवटा परत बुडवला आणि टाकीजवळ उभी राहून देवीचं नाव घेत राहिली. तासाभरानं भोकाच्या कडा जाड झाल्या, दाणेदार झाल्या, पण भोक काही मिटलं नाही. चांदी परत येत होती, नाक होऊन येत नव्हती.

सेठनी तोड काढली. आतून तांब्याचा पत्रा डाग देऊन बसवा, वरून चांदी चढवा, म्हातारबाबांना दिसतंय कुठे? कुमुदिनीनं कात्री उचलली. दुपारी तीनपर्यंत देवीला नाक आलं. भुवया तिनं सुईनं कोरल्या. मुखवटा लखलखत होता, आणि तो चेहरा तिनं आयुष्यात कधी पाहिला नव्हता.

चारला बुधाजी न्यायला आले. बाहेरच्या बाकावर बसले, पाणी प्यायले, रिक्षावाल्यानं अंबरनाथला उगाच फिरवलं, ते सांगितलं. तिनं लाल गाठोडं त्यांच्या मांडीवर ठेवलं. त्यांनी गाठ सोडली आणि सवयीनं अंगठा कपाळाकडे नेला.

कुमुदिनीनं त्यांचं मनगट धरलं.

"बाबा, हात नका लावू. देवी गेली."

"काय बोलतेस गो?"

"तारा उलट्या होत्या. मी बघितलं नाही. चांदी विरघळली बाबा, तोंड गेलं. हे नाक मी चिकटवलंय."

बुधाजींनी हात सोडवून घेतला आणि तरीही अंगठा फिरवला. कपाळ, भुवई, नाक, गाल. दोनदा फिरवला.

"चांदी कुठं गेली?" त्यांनी विचारलं.

"थोडी पाण्यात आहे, बाकी पाटीवर."

"ती पाटी दे. आणि गावाला तू सांगायचं. माझ्या तोंडानं नाही."

सेठनी पाटी दिली. संध्याकाळी देवळासमोर माणसं जमली आणि कुमुदिनीनं उभं राहून सगळं सांगितलं, तांब्याच्या नाकासकट. मिलिंदचं नाव तिनं घेतलं नाही. कुणी शिवी दिली नाही. एक म्हातारी रडायला लागली, तशा बाकीच्या बायका तिच्याभोवती बसल्या. कुमुदिनीजवळ कुणी आलं नाही. असं ठरलं की पाटी आणि मुखवटा आटवून नवा घडवायचा, जत्रा नुसत्या शेंदराच्या तांदळ्यावर, म्हणजे देवीच्या मूळ दगडावर करायची आणि वर्षभर कुमुदिनीनं गाभाऱ्यात यायचं नाही. तिनं मान हलवली.

जत्रेला ती गेली. पायरीखालून नारळ पुढे केला. बुधाजींनी तो घेतला, फोडला आणि अर्धी वाटी दुसऱ्याच्या हाती खाली पाठवली. तिच्याकडे त्यांनी पाहिलं की नाही, ते तिला कळलं नाही. खोबरं पदरात बांधून ती गर्दीतून बाहेर पडली आणि शेताच्या बांधावरून घरी चालू लागली.