रोगमुक्तीचा सत्कार

मोठ्या आतड्याच्या सुजेतून माणूस बरा झाला की त्याला शाल-श्रीफळ द्यावं, ही कल्पना समाजमंडळाचे अध्यक्ष भैय्याजी यांची. दहावी पास झालेल्यांचे सत्कार आटोपले होते आणि मंडळाला करमत नव्हतं. इतवारीच्या बाजारात, भांड्यांच्या दुकानात आयुष्य काढलेले नत्थूजी तर स्वतःच पेढे वाटत फिरले होते. आतड्यासाठी दोन वर्षं चाललेल्या त्यांच्या गोळ्या डॉक्टरांनी थांबवल्या होत्या. "आजार दबलाय, गेलेला नाही. शौचात रक्त दिसलं तर त्याच दिवशी फोन करा," असंही ते म्हणाले होते, पण पेढे वाटताना एवढं लांबलचक कोण सांगतो?

कार्यक्रम रविवारी होता. रक्त दिसलं मंगळवारी. नत्थूजींनी विचार केला, रोगाला घाई असेल तर ती त्याची त्याने बघावी. आपली पत्रिका छापून झाली आहे. बायकोजवळ, चंद्रकलाबाईंजवळ, त्यांनी चकार शब्द काढला नाही. दिवसातून आठ वेळा संडासात जाणाऱ्याचं गुपित दोन खोल्यांच्या घरात किती टिकणार, हा हिशेब त्यांनी केला नव्हता. मनातून मात्र ते पार घाबरले होते. मागच्या वेळी असंच अंगावर काढलं आणि चौदा दिवस इस्पितळात पडून राहावं लागलं होतं.

रविवारी भैय्याजी 'इच्छाशक्ती' या विषयावर बोलू लागले. पंचविसाव्या मिनिटाला नत्थूजींच्या पोटात कळ आली. तिने इच्छाशक्तीला दाद दिली नाही. नवी शाल सावरत ते व्यासपीठावरून उतरले आणि जवळजवळ पळतच सभागृहामागच्या संडासात गेले.

बाहेर आले तर दाराशी चंद्रकलाबाई. पिशवीत दवाखान्याची जुनी फाइल.

"उद्या दहाचा नंबर लावला," त्या म्हणाल्या. "मंगळवारपासून पाहून राहिली मी."

"मंग बोलली काहून नाही वं?"

"तुमी सांगान म्हणून."

नत्थूजींना रडूच आलं. ते परत व्यासपीठावर गेले, शालीची घडी करून टेबलावर ठेवली आणि माइकवर म्हणाले, "मले पुन्हा रक्त पडून राहिलं. सत्कार वापस घ्या."

भैय्याजींनी तातडीने अल्पोपाहार जाहीर केला. सगळे चिवड्याकडे वळल्यावर ते नत्थूजींजवळ आले आणि हळूच म्हणाले, "त्या डॉक्टरचा नंबर द्या गा. मले चार महिने झाले."

"उद्या आमच्यासंगच चला," चंद्रकलाबाई म्हणाल्या. "पण आधी घरी जाऊन सांगा."