सहा बल्बांची फळी

"आत कोणी आहे का?" म्हाताऱ्याने विचारलं.

काउंटरच्या पलीकडे, त्याच्यापासून हातभर अंतरावर, पिनताई उभी होती. बावीस वर्षं ती तिथेच उभी होती.

"बोला ना," ती म्हणाली.

"नाही, माणूस नाही का कोणी? गाडीच्या वायरिंगचं काम आहे."

पिनताईने काउंटरखालचं बटण दाबलं. आत घंटी वाजली. गोदामाच्या दारातून मेव्हणे फडक्याला हात पुसत आले. फडकं स्वच्छ होतं आणि हातही. पण हात पुसत बाहेर येणाऱ्या माणसावर गिऱ्हाईक विश्वास ठेवतं, हे मेव्हण्यांना फार लवकर कळलं होतं. या धंद्यातलं त्यांना कळलेलं तेवढंच. ते मालकाच्या बायकोचे भाऊ. दुकानात सगळे त्यांना मेव्हणेच म्हणत, कारण दुसरी कुठली पदवी त्यांच्याकडे नव्हती.

दुकान गाड्यांच्या विजेच्या सामानाचं. वायर, फ्यूज, दिवे, प्लग. मागच्या भिंतीला छतापर्यंत चारशे बारा खण. कुठल्या खणात काय हे पिनताईला पाठ होतं. काय कशात बसतं आणि बसलं तरी काय होत नाही, हेही पाठ होतं. तिचा बाप गाड्यांचा वायरमन. त्याला मुलगा नव्हता आणि डॅशबोर्डखाली टॉर्च धरायला कोणीतरी हवं होतं, म्हणून आठव्या वर्षापासून तिने टॉर्च धरला. शाळेत जेवढं शिकली त्याच्या चौपट ती उताणी पडून शिकली.

पण गिऱ्हाइकाला माणूस हवा असतो. त्यावर मालकाने पहिल्याच वर्षी तोड काढली होती: चिठ्ठी. घंटी वाजवायची, मेव्हण्यांना येऊ द्यायचं, आपण पॅडवर नंबर लिहून पॅड त्यांच्या कोपराशी सरकवायचं. मेव्हणे दोन सेकंद कपाळाला आठ्या घालत, चिठ्ठी वाचत आणि बोलत. गिऱ्हाईक खूश, मालक खूश. अट एकच होती. मेव्हणे बोलल्यावर ताईंनी बोलायचं नाही. पिनताईने एकदा घरी कुरकुर केली तेव्हा नवरा म्हणाला, "पगार तुला मिळतो ना? मग बोलू दे की त्याला." त्यानंतर तिने घरी कुरकुर केली नाही. घरीही मेव्हणेच होते म्हणायचे.

"पुतण्याची पिकअप आणलीय," म्हातारा मेव्हण्यांना सांगू लागला. "तिच्या पाठीवर कॅम्पर बसवलाय, भाड्याचा; आडवं पडायला छोटी खोलीच ती. आता कॅम्परची वायर गाडीत लावायची तर प्लगच जुळत नाही. गाडीला चपट्या पात्यांचं सॉकेट, आणि याला गोल पिना. मी शाळा-तपासनीस होतो, तेहतीस वर्षं. मला अर्धवट काम चालत नाही. जे काही लागेल ते नीट द्या."

पिनताईने पॅडवर लिहिलं: २१७. शेजारच्या खणातला अडॅप्टर, २१६, स्वस्त होता. त्यातही सात पिना, पण सातवी आतून कुठेच जोडलेली नाही. तो लावला की दिवे लागतात आणि कॅम्परची बॅटरी मात्र चार्ज होत नाही. बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात.

मेव्हण्यांनी आठ्या घातल्या. "दोनशे सतरा द्या ताई," ते म्हणाले. "साहेबांना तोच लागेल."

पिनताईने खण उघडला. अडॅप्टर काउंटरवर ठेवला.

"यावर मशीन चालेल ना?" म्हाताऱ्याने विचारलं. "मंडळींना ऑक्सिजनचं मशीन आहे. घरच्या प्लगवर चालतं ते. कॅम्परमध्ये इन्व्हर्टर आहे, काल अर्धा तास लावून पाहिलं, मस्त चालतं. ती मागे पडूनच येणार. नऊ तासांचा रस्ता आहे. धाकट्या बहिणीकडे जायचंय, सात वर्षांत भेट नाही. डॉक्टर विमानाला नाही म्हणाले, रस्त्याने जा म्हणाले."

"बिनधास्त जा," मेव्हणे म्हणाले. "गाडी चालू असली की बॅटरी भरतच राहते."

हे चिठ्ठीत नव्हतं. हे मेव्हण्यांचं स्वतःचं होतं.

पिनताईने पॅड ओढलं. लिहिलं: नाही. ३ तासांत बंद पडेल. खाली दोन रेघा मारल्या आणि पॅड त्यांच्या कोपराला टेकवलं. मेव्हण्यांनी वाचलं. त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. मग त्यांनी कागद फाडला, घडी घातली आणि शर्टाच्या खिशात ठेवला.

"अजून काही साहेब?"

बावीस वर्षांत चिठ्ठी खिशात गेली ती पहिल्यांदा. एकदा हो म्हटलेलं गिऱ्हाइकासमोर परत घ्यायचं म्हणजे मेव्हण्यांच्या जिवावर आलं. दुसऱ्या कोणाच्या तरी जिवावर येणार होतं, ते रस्त्यात. ते त्यांना दिसणार नव्हतं.

"हे बसेल," पिनताई म्हणाली. "पण मशीन चालणार नाही."

म्हाताऱ्याने तिच्याकडे पाहिलं. काउंटरच अचानक बोलू लागावा तसं त्याचं तोंड झालं.

"मी यांच्याशी बोलतोय, बाई."

"बोला. मशीन तरी बंदच पडेल."

"ताई..." मेव्हणे म्हणाले.

"अहो, काल चाललं म्हणतोय ना!" म्हातारा म्हणाला.

"काल अर्धा तास चाललं. कॅम्परच्या बॅटरीवर. ती भरलेली होती. मशीन खाणार पोतंभर आणि ही वायर देणार मूठभर. बॅटरी तीन तास तग धरेल. मग?"

"मग छोटा सिलिंडर आहे एक. तासाभराचा."

"म्हणजे चार. रस्ता नऊचा."

म्हातारा मेव्हण्यांकडे वळला. "ही तुमच्याकडची पद्धत का? आधी घाबरवायचं, मग जास्तीचं गळ्यात मारायचं?"

मेव्हण्यांनी कोपराशी पाहिलं. त्यांच्याकडे चिठ्ठी नव्हती.

पिनताईने काउंटरखालून फळी काढली. फळी तिच्या हातची होती. लाकडाच्या तुकड्यावर ओळीने गाडीच्या पुढच्या दिव्यांचे सहा बल्ब, प्रत्येकाला एक खटका, आणि शेवटी लांब वायर. मीटर लावला की सडकी वायरसुद्धा पूर्ण व्होल्ट दाखवते, कारण मीटर काही वीज खात नाही. बल्ब खातात. ती फळी बगलेत मारून बाहेर गेली. काउंटर रिकामा सोडून ती बाहेर गेली, हेही पहिल्यांदाच.

पिकअप दारातच होती. कॅम्परचं मागचं दार उघडं होतं. आत अरुंद गादीवर उशांना टेकून एक बारीकशी बाई बसली होती. नाकात नळी. पायाशी मशीन, आडव्या ठेवलेल्या सुटकेसएवढं. ते दर काही सेकंदांनी फुस्स करायचं, थांबायचं, आतून ठक वाजायचं आणि पुन्हा फुस्स.

"काय झालं? मिळालं का यांना?" बाईंनी विचारलं.

"मिळालं. पुरणार नाही. मशीनच्या पाठीवर आकडा लिहिलेला असेल वॅटचा, बघू का?"

"माझ्या यजमानांना विचारा," बाई म्हणाल्या. "माझ्या वाट्याचा श्वाससुद्धा तेच घेतात."

मेव्हण्यांना घेऊन म्हातारा मागून आला होता. त्याने ऐकलं, पण ऐकू न आल्यासारखं केलं. ही सवय जुनी दिसत होती.

मशीनवर तीनशे लिहिलं होतं. पिनताईने फळी टायरला टेकवून उभी केली, बाईंना दिसेल अशी. गाडीचं इंजिन चालू करायला सांगितलं. मग गाडीच्या सॉकेटमधल्या चार्जिंगच्या पात्याला फळीची वायर जोडली.

"हा एक बल्ब पन्नासेक वॅटचा. तुमचं मशीन म्हणजे असे सहा." तिने पहिला खटका दाबला.

बल्ब पांढरा पेटला.

"हे बघा, लागला की!" म्हातारा म्हणाला.

दुसरा खटका. दोन्ही पिवळे झाले. तिसऱ्याला केशरी. चौथ्याला चौघांचंही अवसान गेलं. सहावा दाबला तेव्हा सहाही बल्बांच्या आत नुसत्या लाल तारा उरल्या. सकाळच्या उन्हात त्या दिसण्यासाठी वाकून बघावं लागत होतं. म्हातारा वाकला.

"बल्ब जुने असतील."

पिनताईने बॉनेट उघडलं आणि फळी सरळ गाडीच्या बॅटरीला लावली. सहाही बल्ब एकदम असे पेटले की म्हाताऱ्याने डोळ्यांवर हात घेतला.

मशीन फुस्स करत होतं.

"मला एवढंच सांगा," आतून बाई नवऱ्याला म्हणाल्या, "तो लाल दिवा म्हणजे मी का?"

म्हाताऱ्याचा हात डोळ्यांवरून खाली आला, पण कुठे ठेवायचा ते त्या हाताला सुचेना. शेवटी तो शर्टाच्या गुंड्या चाचपू लागला. मग मेव्हण्यांकडे वळून त्याने विचारलं, "दुरुस्त व्हायला किती वेळ लागेल?"

मेव्हण्यांनी पिनताईकडे पाहिलं. "किती?"

"दोन तास. जाड केबल, बॅटरीजवळ फ्यूज, मागे प्लस-मायनस असा दोन पोलांचा मोठा प्लग."

"दोन तास," मेव्हण्यांनी म्हाताऱ्याला सांगितलं. "जाड केबल टाकावी लागेल."

कॅम्परमधल्या बाई हसल्या. हसता हसता खोकल्या आणि खोकता खोकताही हसत राहिल्या.

पिनताईने दुकानातून वायर आणून मशीन दुकानातल्या विजेवर लावलं, म्हणजे बॅटरी तेवढी वाचेल. मग पुठ्ठा अंथरून ती गाडीखाली शिरली. पन्नाशी जवळ आली होती, गुडघे कुरकुरत होते. अंगठ्याएवढी जाड केबल चासीच्या कडेने नेली. सायलेन्सरपासून लांब ठेवून दर वीतभर अंतरावर पट्टी आवळली. दोन पोलांचा राखाडी प्लग मुठीएवढा होता. त्याचं दुसरं तोंड तिने कॅम्परच्या बॅटरीला जोडलं. २१७ पण लावला. दिव्यांना तो लागणारच होता. म्हातारा दुकानात खुर्चीवर बसून मेव्हण्यांना शाळांच्या गोष्टी सांगत होता. मेव्हणे मान डोलवत होते. ते काम त्यांना चांगलं जमायचं.

"तुम्हाला इथे काय म्हणतात?" वरून बाईंनी विचारलं.

"पिनताई."

"चांगलं आहे. मला घरात 'अगं' म्हणतात." फुस्स. ठक. "बहीण धाकटी आहे माझ्यापेक्षा. पण तिलाही आता गुडघ्यांनी धरलंय, ती येऊ शकत नाही. म्हटलं, मीच जाते. हे म्हणाले, तुझं हे अवजड मशीन. मी म्हटलं, मशीन अवजड आहे, मी नाही." थोड्या वेळाने म्हणाल्या, "हे नीट चालेल ना हो?"

"चालेल."

"तुम्ही म्हणताय म्हणजे चालेल."

पिनताई गाडीखाली होती. तिने पुढची पट्टी जरुरीपेक्षा जोरात आवळली.

काम झाल्यावर तिने नव्या प्लगवर फळी लावली. सहाही बल्ब पांढरे. मशीन इन्व्हर्टरवर घेतलं, कान लावून दहा मिनिटं उभी राहिली, केबलवर हात फिरवून पाहिला. गार होती. म्हाताऱ्याने पैसे दिले आणि मेव्हण्यांचा हात दोन्ही हातांत धरला. "तुम्ही होतात म्हणून हो. नाहीतर मी निघालोच होतो."

"आमचं कामच आहे ते," मेव्हणे म्हणाले.

गाडी वळली. कॅम्परच्या खिडकीतून एक बारीक हात बाहेर आला आणि हलला. मेव्हण्यांनीही हात हलवला.

संध्याकाळी मालकाने पिनताईला बोलावलं; मेव्हणे शेजारीच उभे होते. "ताई, काम बरोबर केलंत, मी नाही म्हणत नाही. पण गिऱ्हाइकासमोर आपल्या माणसाला तोंडघशी पाडायचं नसतं. चिठ्ठीत लिहायचं होतं ना."

"लिहिलं होतं. त्यांच्या खिशात आहे."

मालकाने मेव्हण्यांकडे पाहिलं नाही. मेव्हण्यांचा हात खिशाकडे गेला आणि परत आला. घरी आपली बायको काय म्हणेल याचा मालकाने क्षणभर विचार केला असावा.

"उद्यापासून तुम्ही गोदाम बघा," तो म्हणाला. "पगार तोच. बसायला खुर्चीही मिळेल."

दुसऱ्या दिवशी सकाळी पिनताईने फळी आणि डबा उचलला आणि ती आत जाऊन बसली. गोदामाला खिडकी नव्हती. खुर्ची खरोखरच होती, एका पायाखाली पुठ्ठ्याचा तुकडा घातलेली.

अकराच्या सुमाराला मेव्हणे दारात आले. आज हात पुसत नव्हते. त्यांच्या हातात दुकानाचा मोबाईल होता.

"तुम्हाला आहे," ते म्हणाले. "मी म्हटलं, मला सांगा, मी निरोप देतो. नाही म्हणाली. पिनताईंनाच द्या म्हणाली."

दुकानाच्या फोनवर तिला कधीच कोणी बोलावलं नव्हतं. तिने तो कानाला लावला.

"हॅलो?"

कोणी बोललं नाही. फुस्स. मग शांतता. ठक. पुन्हा फुस्स.

"ऐकू येतंय का?" बारीक आवाजाने विचारलं. मागे दुसरी एक बाई हसत होती, भांडी वाजत होती.

"येतंय," पिनताई म्हणाली.

"बस. एवढंच ऐकवायचं होतं."

फोन ठेवायचं भान पलीकडे राहिलं नसावं. त्या दोघी बहिणी कशावरून तरी वाद घालू लागल्या होत्या. पिनताईने आणखी एक फुस्स ऐकला, त्यापुढचा ठक ऐकला आणि मग फोन बंद केला.

मेव्हणे अजून दारातच होते. त्यांच्या दुसऱ्या हातात पॅड होतं, पेन होतं.

"बाहेर एक जण आलाय," ते म्हणाले. "ट्रेलरचा प्लग जुळत नाहीये."

"पिना गोल की चपट्या?"

मेव्हण्यांना माहीत नव्हतं.

"मग त्याला इकडे आत घेऊन या," पिनताई म्हणाली. तिने डबा बाजूला सरकवला आणि टेबलावर फळी ठेवायला जागा केली.