डावीकडे जड

…आणि त्या गुळगुळीत डागावर तिचा अंगठा पुन्हा आपसूक जाऊन बसला. स्टिअरिंगचं कातडं बाकी सगळीकडे खरबरीत होतं, बारीक दाण्यांचं. फक्त डाव्या बाजूला, अंगठ्याएवढ्या जागेत, ते झिजून चकचकीत झालं होतं, आणि ते काही तिनं झिजवलेलं नव्हतं. गाडी घरात येऊन दिवस तरी किती झाले! झिजवलं होतं ते आधीच्या बाईनं. ‘आमच्या वहिनींची गाडी, अगदी जपून वापरलेली,’ असं विकणारा म्हणाला होता. त्या वहिनी इथेच धरत असणार, वर्षानुवर्षं, दाबून, घट्ट… म्हणजे त्यांनाही जड जात असणार. जात असणारच! उगाच कोणी एवढं आवळून धरतं का? सकाळपासून ती हा विचार तोंडात गोळी घोळवावी तसा घोळवत होती आणि तिला त्यानं बरं वाटत होतं.

गॅरेजच्या दारात शिरायला डावीकडे वळावं लागणार होतं. ते काल रात्रीपासून तिला माहीत होतं. तिनं गाडी हळू केली, डाव्या हातानं चाक खाली ओढलं, आणि निम्म्यापर्यंत ते गुणी पोरासारखं आलं… मग पलीकडून कोणीतरी ते धरलं. हिसका नाही, ओढाताण नाही. नुसतं धरलं. चादरीची घडी घालताना समोरचं माणूस आपलं टोक सोडायचं विसरतं, तसं. त्या काळ्या प्लास्टिकच्या मागे, तारा आणि नळ्यांच्या अंधारात, कोणीतरी शांतपणे बसलं आहे आणि त्याला सोडायची घाई नाही, असं तिला वाटलं. आणि असं वाटणं म्हणजे शुद्ध वेडेपणा आहे असंही लगेच वाटलं. उजव्या हातानं तिनं चाक वर ढकललं. गाडी तिरकी आत शिरली.

‘अहो ताई, दार केवढं मोठं आहे!’ मेकॅनिक ओरडला. ‘त्या भिंतीनं काय वाकडं केलंय तुमचं?’

‘स्टिअरिंग जड जातंय हो. डावीकडे.’

‘फक्त डावीकडे?’

‘फक्त डावीकडे.’

‘मग डावीकडे जाताच कशाला? तीन वेळा उजवीकडे वळलं की माणूस डावीकडेच पोचतो!’ आपल्याच विनोदावर तो खदाखदा हसला. तीही हसली. ती नेमकं तेच करत होती. पडद्यांच्या दुकानात कामाला जाताना ती हल्ली दवाखान्याच्या मागून, मग शाळेच्या मैदानाला वळसा घालून जायची. सगळी उजवी वळणं. नवऱ्यानं विचारलं तेव्हा म्हणाली होती, तिकडून गर्दी कमी असते.

पण तो हसला हे छान झालं. हसण्यासारखं असेल तर ते गाडीचं दुखणं.

नवऱ्याचं मात्र तिनं मेकॅनिकला सांगितलं नाही. रविवारी त्यानं गाडी चालवली होती, दोन बोटांनी, शीळ घालत. कोपऱ्यावर डावीकडे वळताना म्हणाला होता, ‘जड? अगं, लोण्यासारखं आहे की!’ पुरुषांच्या हातात जोर असतो, ती म्हणाली होती. जोर! दोन बोटांत कसला आलाय जोर.

मेकॅनिकनं आधी पुढच्या टायरांची हवा बघितली. हवा कमी असली की जड जातं, म्हणाला. हवा बरोबर होती. मग बॉनेट उघडून स्टिअरिंगच्या तेलाची डबी बघितली, तेलात बोट बुडवून ते उजेडात धरलं, नाकाशी नेलं. ती त्याच्या चेहऱ्याकडे बघत राहिली. जळल्याचा वास येऊ दे, काळं पडलेलं असू दे… ‘नवंकोरं आहे,’ तो म्हणाला. मग पंप फिरवणारा पट्टा अंगठ्यानं दाबून बघितला. पट्टा ताठ. मग तिला इंजिन सुरू ठेवायला सांगून पंपाशी कान नेला, आणि तिनंही कान टवकारले. पंप रडतो म्हणे, खराब झाला की. रड ना! रड की रे एकदा. पंप जाऊ दे, चाकं वळवणारा तो रॅक जाऊ दे, सगळी गाडी खोलून ठेवा, मी महिनाभर पायी जाईन, तक्रार करणार नाही, कारण पंप जर ठीक असेल तर मग…

पंप ठीक होता.

कापड निसरडं येतंय, असं ती गेल्या आठवड्यात दुकानातल्या मुलींना म्हणाली होती. पडद्याचं जाड सुती कापड. कात्री उजव्या हातात, डावा हात कापडावर दाबलेला, आणि डाव्या हाताखालून ते सरकत होतं. मुलींनी एकमेकींकडे बघितलं होतं का? बघितलं असेल. बघायला काय जातं. तिनं वर लोखंडी वजन ठेवलं आणि काम उरकलं.

आईचा नळ घट्ट झाला होता. स्वयंपाकघरातला. आई दोन्ही हातांनी पिळायची आणि म्हणायची, ‘मेला गंजलाय, माणूस बोलवा.’ प्लंबर आला, त्यानं तो चुटकीसरशी फिरवला, आणि सगळं घर हसलं. वडील तर डोळे पुसेपर्यंत हसले. मग बरणीचं झाकण घट्ट झालं. मग दाराची कडी. मग सुतार आला, त्यानं कडीला तेल घातलं, तेव्हाही आम्ही हसलो, आईला ‘पैलवान’ म्हणालो, आणि आई चिडून लाटणं दाखवायची… किती दिवस चाललं होतं ते? मग एके दिवशी वडील उठले, नळ बंद केला आणि म्हणाले, ‘हो गं. घट्टच झालाय.’ इतक्या मऊ आवाजात! तिला तेव्हा वाटलं होतं, चला, आली एकदाची वडिलांना अक्कल. आणि आईनं त्या संध्याकाळी एकेकाशी भांडण उकरून काढलं, अगदी कशावरूनही, मीठ कमी का, चपला वाटेत का. पण तिच्याशी कोणी भांडलंच नाही. पुढच्या वर्षी आईला भरवावं लागत होतं.

‘ताई, ही बघा गंमत,’ मेकॅनिक म्हणाला. त्यानं भिंतीवरून गोल तबकडीचा एक ताणकाटा काढला होता, आकड्याला पिशवी लटकवून वजन करतात तसला. ‘लोक म्हणतात जड, लोक म्हणतात हलकं. मी म्हणतो, काट्याला विचारा.’ खिडकीतून वाकून त्यानं आकडा चाकाच्या उजव्या बाजूला अडकवला आणि खाली ओढला. सुई सरकली, चाक वळलं. मग डाव्या बाजूला. सुई तितकीच सरकली, चाक तसंच वळलं. ‘दोन्हीकडे सारखं! एका आईची लेकरं.’

‘पण इथं झिजलंय बघा,’ ती म्हणाली. आपला आवाज चढला आहे हे तिला ऐकू आलं. ‘आधीच्या बाईंनाही जड जात होतं. म्हणूनच विकली असेल त्यांनी.’

‘अहो, सगळ्यांच्याच गाड्या तिथं झिजतात. अंगठा तिथंच येतो माणसाचा.’ तो अजून मजेत होता. ‘तुम्हीच ओढा. म्हणजे मग मला शिव्या नकोत.’

तिनं डाव्या हातात काटा घेतला. थंड होता, आणि हातात घ्यायला वाटलं त्यापेक्षा बराच भारी. तिनं ओढलं. थोडंसं आल्यासारखं वाटलं… आणि पलीकडच्यानं धरलं. आज मी सोडणार नाही, असं म्हणून तिनं दात आवळले, खांदा मागे घेतला, पोटातून जोर काढला, कानशिलं गरम झाली, पाठीला घाम फुटला.

‘ओढा ना, ताई.’

‘ओढतेय.’

‘नाही, म्हणजे… जोर लावून.’

‘ओढतेय हो!’

दोघांनी तबकडीकडे बघितलं. सुई मघाच्या जागेपासून कितीतरी अलीकडे उभी होती. ती किंचित थरथरत होती. चाक जागचं हललं नव्हतं. हलण्याइतकं त्याला कोणी ओढलंच नव्हतं. मेकॅनिकनं सुईकडे बघितलं, मग तिच्या मनगटाकडे, आणि मग तो एकदम दुसरीकडे, टायरांच्या ढिगाकडे बघू लागला. चेहऱ्यावरचं हसू तसंच राहून गेलं होतं. ते काढून कुठं ठेवावं हे त्याला कळत नव्हतं.

‘काटा जुना झालाय,’ तो म्हणाला. मग काटा तिच्या हातातून अलगद काढून घेत, ‘हो, ताई. जड आहे थोडं. जड आहे.’

तोच मऊ आवाज!

‘मग काय खराब आहे?’ तिनं विचारलं.

‘बघतो ना मी. राहू दे गाडी इथंच. घरून कोणाला बोलावून घेता का? नाहीतर मी सोडतो.’

‘घर काय लांब आहे का? मी नेते. तीन वेळा उजवीकडे वळते!’ ती मोठ्यानं म्हणाली, आणि वाट बघत राहिली. आता तो म्हणेल, मग भिंतीनं काय घोडं मारलंय. म्हणेल काहीतरी. असल्या माणसाच्या तोंडाला कुलूप थोडंच असतं!

त्यानं इंजिन बंद केलं. आतून खुर्ची आणली, फडक्यानं पुसली, मग फडकं मळकं आहे हे लक्षात येऊन आपल्या बाहीनं पुन्हा पुसली, आणि तिच्यासाठी गाडीचं दार उघडून धरलं. ती उतरली. उतरताना त्यानं हात पुढे केला, लागला तर असावा म्हणून, आणि तिला त्या माणसाचा असा संताप आला की ती खुर्चीपाशी तशीच उभी राहिली. तिला त्याच्याशी भांडायचं होतं. तुम्हाला काम येत नाही, असं म्हणायचं होतं. तो ‘बरोबर आहे तुमचं, ताई’ म्हणाला असता.

‘हसा की हो,’ ती म्हणाली. ‘मघाशी हसत होता तसं हसा की.’

तो लगेच हसला. सांगितल्याबरोबर, एका शब्दानंही वाद न घालता. आणि ती खुर्चीत बसली.