रिकाम्या रबरावरची क्लिप

वेरावळ बंदरात बोटीच्या इंजिनाला रबरी पाइप बसवायचा असला की लोक वेलजीबापांचं दार ठोठावायचे. ते माझे सासरे. काम मी त्यांच्याच हाताखाली शिकलो, पुढे त्यांनी आपली लेक जमना मला दिली, आणि आता मी लखमणभाईंच्या 'समुद्रलक्ष्मी'वर इंजिनाचा ड्रायव्हर आहे. लखमणभाई आमचे तांडेल, बोटही त्यांचीच.

त्या दिवशी किनारा दिसेनासा झाला होता आणि आम्ही जाळं ओढत होतो. रोटला आणि तळलेले बोंबील खाऊन खलाशी वर सावलीत पसरले होते. मी चहाचा पेला हातात घेतला आणि इंजिनाचा सूर बदलला. ड्रायव्हरच्या कानाआधी तो तळपायाला कळतो. पेला तसाच ठेवून मी खाली उतरायला लागलो, तर शिडीच्या मधल्या पायरीवरच पाय पाण्यात गेला.

इंजिनाच्या खोलीत समुद्र असणं ही गोष्ट डोळ्यांना दिसत होती, पण डोक्यात शिरत नव्हती. डिझेलचा डबा तरंगत माझ्या गुडघ्याला येऊन लागला. मग मी लखमणभाईंना हाक मारली. ती हाक माझ्याच आवाजासारखी वाटली नाही.

बोटीच्या तळाला एक पितळी कॉक असतो. त्यातून समुद्राचं पाणी रबरी पाइपाने इंजिन थंड करायला जातं. पाणी तिथूनच उसळत होतं. मी हनुवटीपर्यंत बुडून कॉकचा दांडा चाचपला. तो मिठाने धरला होता, हलेना. लखमणभाईंनी वरून लोखंडी नळीचा तुकडा दिला. तो दांड्यावर चढवून मी सगळं अंग टाकलं, तेव्हा कुठे कॉक फिरला. पाणी थांबलं. खलाशी बादल्या घेऊन उपसायला लागले. त्यांच्यातला मावजी तोंडाने देवीचं नाव घेत होता आणि बादली रिकामी करायचं विसरून भरलेलीच पुन्हा खाली धाडत होता.

पाणी उतरल्यावर सुटलेला पाइप मी उजेडात आणला. मला वाटलं होतं, पाइप नळीवर आवळून धरणाऱ्या क्लिपा गंजून तुटल्या असतील. पण दोन्ही क्लिपा जागच्या जागी होत्या. चकचकीत, घट्ट. पाइपाचं तोंड पितळी नळीवर जेमतेम बोटभर चढलेलं असणार, तेवढाच ठसा आत उमटला होता. क्लिपा त्याच्या पुढे, नुसत्या रबरावर आवळलेल्या. तिथे पाइप मुंगीच्या कमरेसारखा बारीक झाला होता.

लखमणभाईंनी तो हातात घेतला, फिरवून पाहिला.

"बापांनी बसवलेला ना रे हा?"

"हो."

"दुसऱ्या कुणी हात लावला?"

"नाही."

त्यांनी पाइप माझ्या हातात परत दिला. खराब झालेलं तोंड कापून पाइप मी नीट बसवला, इंजिन धुऊन पुसून कसंबसं सुरू केलं आणि आम्ही जाळं गुंडाळून परत फिरलो. सबंध वाटेत मी मनाशी म्हणत होतो, हे काम बापांचं असू शकत नाही.

लखमणभाई आणि मी बापांच्या घरी पोचलो तेव्हा बापा ओसरीत खाटेवर बसून बशीतून चहा पीत होते. जमना माहेरी आलेली होती, आत भाकऱ्या थापत होती.

"या जमाईराज," बापा म्हणाले. "मासळी कुठाय? की समुद्राला नुसता राम राम घालून आलात?"

लखमणभाईंनी पाइपाचा कापलेला तुकडा त्यांच्यासमोर ठेवला. झालेलं सगळं सांगितलं, फक्त कुणी बसवला ते सोडून. बापांनी तुकडा डोळ्यांजवळ नेला आणि हसले.

"कोणत्या गाढवाने बसवला? दामज्या, तू?"

मी लखमणभाईंकडे पाहिलं. लखमणभाईच म्हणाले, "बापा, बोट पाण्यात सोडताना तुम्हीच बसवला होता."

बापांचं हसू मावळलं नाही, उलट वाढलं. "माझं काम असं असतं का लखमण? तुझ्या बापाच्या बोटीपासून मी क्लिपा आवळतोय. आण रे दामज्या तो खोका."

खोक्यात जुना कॉक, पाइपाचा तुकडा आणि क्लिपा होत्या, शिकाऊ पोरांना दाखवायच्या. बोटीत कॉक इंजिनाखाली अशा सांदीत असतो की डोळे तिथे पोचत नाहीत, हातालाच दिसावं लागतं. म्हणून बापा शिकवताना गुडघ्यांवर गोणपाट टाकायचे आणि त्याखाली हात घालून काम करायला लावायचे. आताही त्यांनी गोणपाट टाकलं.

"बघ लखमण. आधी क्लिपा पाइपात ओवून घ्यायच्या, मग पाइप चढवायचा. थेट मुळापर्यंत. अर्ध्यात सोडायचा नाही. मग क्लिपा मागे आणायच्या, दोघींचे स्क्रू समोरासमोर, एकावर एक नाही. क्लिपेच्या खाली पितळ पाहिजे. आणि आवळायचं कुठवर? रबर फटींतून फुगून वर आलं की जास्त झालं, ते कापलं जातं. इंजिन एकदा तापून निवलं की पुन्हा थोडं आवळायचं."

शब्द न् शब्द बरोबर होता. मला शिकवलं तेव्हाही ते हेच बोलले होते. बोलताना ते आमच्या तोंडाकडे बघत होते, आणि गोणपाटाखाली त्यांचे हात चालले होते. शेवटी स्क्रूड्रायव्हर बाजूला ठेवून त्यांनी कॉक बाहेर काढला आणि लखमणभाईंच्या हातात दिला.

"ओढ. बैल लाव हवा तर."

लखमणभाईंनी ओढलाही नाही. घेताना नुसतं वजन पडलं आणि कॉक पाइपातून निसटून फरशीवर आपटला. पाइप त्यांच्या हातात राहिला. दोन्ही क्लिपा रिकाम्या रबरावर, घट्ट.

जमना दारात उभी होती, हाताला पीठ. तिची नजर पाइपाकडे नव्हती.

"बापा," ती हळू म्हणाली, "रक्त."

"कुठे?"

गोणपाटावर मोठा डाग पसरत होता. क्लिपेच्या पट्टीने त्यांच्या अंगठ्याचं पेर खोल कापलं होतं आणि ते आमच्याकडे बघत विचारत होते, कुठे. त्यांनी हात वर केला, अंगठ्याकडे पाहिलं. दुसऱ्या हाताने जखम दाबली. पुन्हा जोरात दाबली. त्यांच्या चेहऱ्यावर दुखल्याची रेषाही उमटली नाही.

"मला कळतच नाहीये," ते म्हणाले.

जमना पुढे झाली. "दिवाळीत तुम्ही भाकरीची तापलेली तावडी हाताने उचलली होती. आम्ही सगळे हसलो. म्हटलं, बापांचे हात लोखंडाचे झालेत."

मी चिंधी आणून अंगठा बांधायला लागलो. बापांनी मला पुरतं बांधूही दिलं नाही. उठून चपला शोधायला लागले.

"कुठे निघालात?" लखमणभाईंनी विचारलं.

"तुझ्या बोटीवर. वायरलेस चालतो ना? तुझ्यानंतर मी 'दरियाकृपा' केली आणि 'हरसिद्धी' केली. दोन्ही बोटी बाहेर आहेत."

कलत्या उन्हात, अर्धवट बांधलेला हात छातीशी धरून, ते आमच्या पुढे धावल्यासारखे जेट्टीवर गेले. माइक लखमणभाईंनी धरला, बोलले बापा.

"मी वेलजी बोलतोय. मी बसवलेले पाइप बघा. आत्ता बघा. माझा हात चुकलाय."

बंदराच्या वायरलेसवर नेहमी कुणी ना कुणी कुणाची तरी टर उडवत असतं. त्या हाकेनंतर सगळे गप्प झाले. मग 'दरियाकृपा'चा आवाज आला की आमचा पाइप ठीक आहे, शेवटपर्यंत चढलाय. बापांनी डोळे मिटले. 'हरसिद्धी'कडून मात्र काही येईना. लखमणभाईंनी पुन्हा पुन्हा पुकारलं. मावजी नुकताच मरता मरता वाचला होता, तो कठड्याला धरून उभा राहिला. मला 'हरसिद्धी'च्या ड्रायव्हरचं, भिखूचं घर आठवलं, त्याच्या म्हाताऱ्या आईचा चेहरा आठवला.

अखेर खरखर झाली.

"बापा, भिखू बोलतोय. आमचा पाइप बरोबर आहे."

"हात घालून बघितलास?"

"बोट पाण्यात सोडली त्याच आठवड्यात मी बघितला होता बापा. क्लिपा पुढे बसल्या होत्या. मी काढून नीट बसवल्या."

"मग कुणाला सांगितलं का नाहीस?"

"तुमचं काम होतं बापा. तुमचं नाव कसं घेणार?"

माझ्या अंगावर कुणी बर्फाच्या पाण्याची बादली ओतावी तसं झालं. एका माणसाला कळलं होतं. आदर म्हणून तो गप्प राहिला, आणि आम्ही सगळे तळाला जाणार होतो. लखमणभाईंच्या हातातला माइक खाली आला.

बापा माइककडे वाकले. त्यांचा आवाज शांत होता.

"भिखू, तू मला शिवी द्यायला हवी होतीस. सगळ्यांसमोर."

नंतर डॉक्टरांनी सांगितलं, साखर फार दिवसांची आहे, बोटांची संवेदना गेलीय, तळपायांचीही जातेय. परत यायची नाही. जमनाने त्यांच्या घरातली तावडी, चिमटे, विस्तव सगळं आपल्या ताब्यात घेतलं. भिखू किनाऱ्याला आल्यावर घरी आला, दाराशी उभा राहिला. बापांनी त्याला आत बोलावलं, चहा दिला, पण त्या विषयावर दोघंही बोलले नाहीत. मावजीने बोट सोडली, आता तो बर्फाच्या कारखान्यात आहे.

बापा हातात स्क्रूड्रायव्हर घेत नाहीत. कुणी बोलवायला आलं तर जातात, ड्रायव्हरला काम करायला लावतात आणि दुसऱ्याच कुणाला तरी पाइप ओढून बघायला सांगतात. बोट सुटण्याआधी लखमणभाई आता स्वतः इंजिनाखाली आडवे होतात आणि मी बसवलेल्या क्लिपांवरून हात फिरवून येतात. वर आल्यावर माझ्याकडे बघून मान हलवतात. मला त्याचं वाईट वाटत नाही.