रिकामी झील

छन्न.

दुपारची जेवणं आटोपली की राजापेठेतलं ते दुसऱ्या मजल्यावरचं घर निजून जाई. सासूबाई, गोदाबाई, आतल्या खोलीत आडव्या होत. नवरा जीवन खालच्या मजल्यावर त्याच्या शिकवणीच्या वर्गात. त्या सामसुमीत एवढासा आवाजही मोठा वाटला. डाळ निवडता निवडता दामिनीचा हात सुपातच थांबला. आवाज तिच्या ओळखीचा होता.

ती बाहेरच्या खोलीत धावली. सहा वर्षांची जाई दिवाणावर उभी राहून कपाटावरची कापडी पिशवी ओढत होती.

"आई, यात काय आहे? वाजते न हे!"

पिशवीत खंजिरी होती. लग्नात बाकीच्यांनी कुकर दिले, मिक्सर दिला. बापानं मात्र स्वतःच्या हातानं मढवलेली खंजिरी दिली होती. आली तशी ती फराळाच्या डब्यांमागे गेली आणि तिथंच राहिली. कोणी ठेवायला सांगितलं नव्हतं. दामिनीनंच ठेवली होती.

जाईनं चामड्यावर थाप मारली. थप्प.

"हे तं मेलेलं वाजते."

"मेलं नाई माय, गारठलं आहे."

तिनं ओट्याशी जाऊन गॅस बारीक पेटवला. बाप निखाऱ्यावर धरायचा तशी उंचावर, फिरवत फिरवत खंजिरी शेकली, अंगठ्यानं कातडं चाचपलं, पुन्हा शेकली. मग बोट मारलं. टण्ण! आवाज पार पोटात गेला. आणि ओळ आपसूक तोंडात आली:

"काय पेरलं ते सांग मना..."

ही ओळ बापाची. त्यानंतरची तिची: "कोणासाठी वेचलं." अकोल्याजवळ बाळापूरच्या वाटेवर बापाचा, नत्थुजींचा, भाजी-फुलांचा मळा होता. मळ्यालगतच्या देवळात दर रविवारी भजनी मंडळ बसायचं, हे भजन त्या मंडळानंच जुळवलेलं. नत्थुजी पुढची ओळ सांगायचे, मागची ओळ, म्हणजे झील, झीलकरी उचलायचे. आणि मंडळाची एक रीत होती: ज्याची झील त्याचीच. माणूस आला नाही तर ठेका चालू ठेवायचा, पण त्याची ओळ दुसऱ्यानं उचलायची नाही. शालिकरामकाका वारले तेव्हा महिनाभर त्यांच्या ओळीला नुसत्या खंजिऱ्या वाजत राहिल्या होत्या. लहानपणी दामिनीला ती रिकामी जागा ऐकून रडू यायचं.

"ओळ उचलण्याआधी श्वास घेत जाय बाई," बाप म्हणायचा. "घाईत उचलली का ओळ आपली राहात नाई."

त्या दुपारी तिच्या लक्षात आलं की या घरात आल्यापासून आपण तो श्वास घेतलाच नाही. कोणी हाक मारली की 'आली', कोणी काही मागितलं की 'देते'. हो म्हणायचं होतं की नव्हतं, हे कधी स्वतःला विचारलंच नाही. आता मात्र तिनं गंमत म्हणून सुरू केलं. हाक आली की एक श्वास, मग उत्तर. चहा ठेवायच्या आधी एक श्वास. एवढ्याशा थांबण्यानं दिवस तिचा वाटू लागला. जाईला रोज दोन-चार ठेके शिकवणं सुरू झालं. गोदाबाई म्हणाल्या, "घरात काय तमाशा लावला?" तिनं श्वास घेतला आणि म्हणाली, "तमाशा नाई आई, भजन आहे."

आठवडा गेला नसेल, तोच भावाचा, बंडूचा, फोन आला.

"ताई, बाबाच्या घशात गाठ निघाली. मंगळवारी ऑपरेशन. डॉक्टर म्हणते जीव वाचीन, पण आवाजाचा काही भरोसा नाई."

दामिनीला बसायलाही सुचलं नाही. मग बापच फोनवर आला. आवाज खरखरीत, पण मिश्कील.

"रडतं काहून? गळा कापून राहिले, मान नाई. रविवारी ये. एकडाव बसू. झील तुयी आहे, ध्यानात आहे न?"

"येते बाबा."

संध्याकाळी जीवन वर आला तेव्हा तिनं विचारलं नाही, सांगितलं. "मी रविवारी अकोल्याला जाते."

त्यानं मान वर केली. "जाय न. म्या काय बांधून ठेवलं तुले?"

शनिवारी संध्याकाळी मध्यस्थाचा फोन आला. नणंदेला, रागिणीला, पाहायला पाहुणे येणार होते. मुलगा धारणीकडे मास्तर, रविवारशिवाय त्याला सुटी नाही. रागिणीची तिशी उलटली होती. घरात वर्षभरानं स्थळ येत होतं.

"तू जाय बाप्पा," गोदाबाई म्हणाल्या. "बाप आहे तुया. मी करतो पोहे. करपले तं करपले."

"व्हिडिओ कॉल कर न," जीवन म्हणाला. "तिथंही बसून ऐकाचंच आहे, इथंही ऐकाचंच आहे."

"ऐकायचं नाही, म्हणायचं आहे," एवढं तरी तिला बोलता आलं असतं. रागिणी दारात उभी होती. "वहिनी, तू जा, खरंच," ती म्हणाली, पण तिचे डोळे काही निराळंच म्हणत होते. दामिनीनं श्वास घेतला. चांगला खोल घेतला. आणि तिच्या तोंडून निघालं, "राहू द्या. ऑपरेशन झाल्यावर जाते."

कोणी अडवलं नव्हतं. हेच नंतर तिला सगळ्यात जास्त खात राहिलं.

रविवारी तिनं फोन मसाल्याच्या डब्याला टेकवून ठेवला. छोट्याशा पडद्यावर देऊळ, पांढऱ्या टोप्या, मधोमध गळ्याला मफलर गुंडाळलेला बाप. बाहेर पाहुणे बसले होते. बापानं खंजिरी कानाशी नेऊन वाजवून पाहिली, डोळे मिटले.

"काय पेरलं ते सांग मना..."

दामिनीनं श्वास घेतला.

"सूनबाई, पाणी आणाजो!" बाहेरून गोदाबाईंची हाक आली.

पाहुण्यांना ऐकू जाऊ नये म्हणून तिनं स्वतःच्याच बोटानं फोनचा आवाज बंद केला. पाणी देऊन परत आली तेव्हा बापाचे ओठ हलत होते आणि पोह्यांतल्या मोहरीचा वास घरभर सुटला होता. मग पडदा गोठला आणि कॉल तुटला.

"पोहे मस्त झाले," मुलाची आई म्हणाली. "कळवतो."

त्यांनी कधीच कळवलं नाही.

मंगळवारी बापाचा जीव वाचला. आवाज गेला. दामिनी अकोल्याला गेली. दवाखान्यात खाटेवर बाप गळ्याला पट्टी बांधून बसला होता. तिला पाहून हसला. खाटेच्या लोखंडी दांड्यावर दोन बोटांनी ठेका धरला आणि मान हलवून खूण केली, घे. आजूबाजूला रोगी, नातेवाईक, टिफिन. तिच्या घशातून काही निघालं नाही. बापाची बोटं थोडा वेळ वाजली, मग थांबली. त्यानं तिचा हात थोपटला, जणू तिचंच काही दुखत होतं.

महिना गेला. बंडूनं त्या रविवारचं भजन फोनवर भरून ठेवलं होतं, ते पाठवलं. दामिनीनं ते कितीतरी दिवस उघडलंच नाही. एका दुपारी सासूबाई निजल्यावर ती ओट्याशी उभी राहिली आणि लावलं. जाई खंजिरी घेऊन पायाशी बसली.

"काय पेरलं ते सांग मना..."

आणि मग नुसत्या खंजिऱ्या. टण्ण, टण्ण. एवढी माणसं बसलेली, पण कोणीच ओळ उचलत नव्हतं. जागा भरेस्तोवर बाप थांबला. मग पुढची ओळ. पुन्हा तेवढीच रिकामी जागा. आवाज फाटत चालला होता, तरी तो एकदाही घाईनं पुढं गेला नाही. शेवटी नुसती हवा यायला लागली, तेव्हाही तिच्या ओळीइतकं थांबूनच त्यानं भजन पुरं केलं.

जाई ठेका धरून होती. तो आता चुकत नव्हता. तिनं हात थांबवला आणि वर पाहिलं.

"आई, आबाजी मधात मधात चूप काहून होते? कोणाची वाट पाहून राहिले ते?"